१९७३ ची प्युजो पीएक्स-१०: जुन्या फ्रेमवर नवे भाग (प्रकल्प नोंदी)

१२ ऑक्टोबर २०२४, दसरा

सकाळी पाने, व्हर्निअर आणि कानशींची पूजा झाली. दुपारी मामाची सायकल माळ्यावरून उतरवली.

प्युजो पीएक्स-१०, १९७३ सालची. मामा तेव्हा मिशिगनमध्ये शिकत होता. त्या वर्षांत अमेरिकेत दहा गिअरच्या सायकलींना प्रचंड मागणी आली होती आणि फ्रेंच सायकली तिथे ढिगाने विकल्या जात होत्या. १९७७ मध्ये मामा पुण्याला परतला तेव्हा सायकलही बोटीने आली. इथे ती फारशी चालली नाही, कारण तिला ट्यूब्युलर टायर लागतात: ट्यूब टायरच्या आतच शिवलेली, आणि अख्खा टायर रिमला चिकटवायचा. सोबत आणलेले दोन टायर संपले, तसे टायर इथे मिळेनात, आणि सायकल भिंतीवर गेली. तिथून माळ्यावर.

रंग पांढरा. सांध्यांवरच्या नक्षीदार लग काळ्या. चिमट्याच्या आणि मागच्या नळ्यांच्या टोकांना क्रोम. सीट ट्यूबवर रेनल्ड्स ५३१ चं लेबल अजून वाचता येतं. बर्मिंगहॅमच्या रेनल्ड्सने १९३५ मध्ये आणलेलं हे मँगनीज-मॉलिब्डेनम पोलाद. नळी टोकांना जाड आणि मध्ये पातळ, म्हणून हलकी, आणि तरी सांध्यापाशी मजबूत. बेल्जियमचा दिग्गज सायकलपटू एडी मर्क्स १९६६ आणि १९६७ मध्ये प्युजोच्या संघात होता. बर्नार तेव्हने हा फ्रेंच सायकलपटू याच संघाकडून, त्याच मर्क्सला मागे टाकून, १९७५ ची टूर द फ्रान्स जिंकला. पीएक्स-१० ही त्या संघाच्या सायकलीची दुकानात मिळणारी बहीण.

मला ही सायकल चालवायची आहे, तीही सिंहगडाच्या घाटात. पुढे ५२ आणि ४५ दात्यांच्या चकत्या, मागे फ्रीव्हीलची (हबवर आट्यांनी बसणाऱ्या चकत्यांच्या संचाची) सर्वांत मोठी चकती २४ ची. म्हणजे सर्वांत हलक्या गिअरलासुद्धा पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल जवळजवळ चार मीटर पुढे ढकलावी लागते. शर्यतीतल्या पंचविशीच्या पोराला जमेल. मला घाटात गुडघे शाबूत ठेवायचे आहेत. नवे गिअर, नवे ब्रेक, साधे टायर हवेत.

नियम एकच ठेवते आहे. फ्रेममधला धातू कापायचा नाही, घासायचा नाही, नवा जोडायचा नाही. जे बसवेन ते उतरवता आलं पाहिजे आणि जुने भाग पुन्हा जसेच्या तसे चढले पाहिजेत. या फ्रेमला पन्नास वर्षं झाली, माझ्यानंतरही कोणीतरी ती चालवेल. त्या माणसाच्या हाती मूळ फ्रेम लागायला हवी.

१३ ऑक्टोबर

दिवसभर फक्त मापं.

अशा सायकलींसाठी आज मिळणारे बहुतेक भाग इंग्लिश मापांचे असतात, आणि १९७३ ची फ्रेंच सायकल त्यातल्या जवळजवळ एकालाही जुळत नाही. फरक दशांश मिलिमीटरचे आहेत. म्हणूनच ते धोक्याचे. नवा भाग हाताला बसल्यासारखा वाटतो, दोन वेढे फिरतोसुद्धा, आणि मग आटे खातो.

बॉटम ब्रॅकेटचे, म्हणजे क्रँकचा आस फिरतो त्या बेअरिंगच्या जागेचे, आटे ३५ मिमी व्यासाचे, १ मिमी पिचचे (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर). इंग्लिश कप ३४.८ मिमीचा आणि इंचाला २४ आटे. म्हणजे तो यात ढिला, वर पिच वेगळी. चिमट्याची दांडी २५ मिमी, इंग्लिश २५.४. हँडलचा स्टेम २२.० मिमी, बाजारात २२.२. सीट पोस्ट २६.४, बाजारात सर्रास २७.२. सीट ट्यूब आणि डाउन ट्यूब बाहेरून २८.० मिमी, नव्या भागांचे क्लॅम्प २८.६ साठी. जुन्या पॅडलचे आटे १४ × १.२५, नवे नऊ-सोळांश इंचाचे. मागच्या ड्रॉपआउटमधलं, म्हणजे चाकाचा आस बसतो त्या दोन खाचांमधलं, अंतर १२० मिमी, नवा हब १३० चा.

एक गोष्ट मात्र मनासारखी. ट्यूब्युलर रिम ७००सी मापाचीच आहे. त्यामुळे साध्या टायरची नवी चाकं घातली तरी ब्रेकचे रबर जवळजवळ जुन्याच उंचीवर येतील. २७ इंची चाकांची फ्रेम असती तर ब्रेकना आणखी चार मिमी खाली पोचावं लागलं असतं.

बॉटम ब्रॅकेट फ्रेंच आहे की स्विस, हे आधी ठरवायला हवं. दोन्ही ३५ × १. फरक चेनच्या बाजूच्या कपात: स्विसला तिथे उलटे आटे, फ्रेंचला दोन्हीकडे सुलटे. प्युजोने पुढच्या काळात काही सायकलींना स्विस आटेही दिले. चुकीच्या दिशेने पाना ओढला तर कप उघडायच्या ऐवजी आवळतच जातो. पण कप दिसायचा तर आधी क्रँक, म्हणजे पॅडलचा दांडा, उतरवावा लागेल.

२० ऑक्टोबर

क्रँक स्ट्राँगलाइट ९३. सुंदर वस्तू आहे. पन्नास वर्षांनीही हाताने पुसल्यावर चमकते. तो ओढून काढायच्या हत्याराचा आटा आज सगळीकडे २२ मिमी. याच काळातल्या टीए या दुसऱ्या फ्रेंच कंपनीच्या क्रँकला २३. स्ट्राँगलाइटला २३.३५. बावीसचं हत्यार यात ढिलं बसतं, आणि जोर लावला की ॲल्युमिनियमचे आटे उपटून येतात. जुन्या फ्रेंच क्रँकपैकी कितीतरी असेच वाया गेले आहेत. हातोडीने ठोकून काढणं हा दुसरा वाईट मार्ग, कारण त्याने बेअरिंगच्या कपांवर छर्र्यांचे खड्डे पडतात.

आज जुन्या बाजारात चक्कर मारली. सायकलींची हत्यारं दोन ठिकाणी होती, हे मात्र नव्हतं. नऱ्ह्याला लेथवाल्याकडे करून घेणं बरं.

सीट पोस्ट अडकला आहे. पोलादाच्या नळीत ॲल्युमिनियम वर्षानुवर्षं राहिलं की दोघांमध्ये गंज धरतो आणि ते एकमेकांना सोडत नाहीत. फ्रेम उलटी टांगून सीट ट्यूबच्या खालच्या बाजूने तेल सोडलं आहे. आठवडाभर तसंच राहू दे.

२६ ऑक्टोबर

नऱ्हे. लेथवाले काका क्रँक हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले.

"ताई, तेवीस पॉइंट पस्तीस असा आटा नसतो. तेवीस असेल, नाहीतर चोवीस."

मी त्यांच्याच व्हर्निअरने मोजायला सांगितलं. क्रँकमधल्या आट्याचा आतला व्यास त्यांनी तीन जागी मोजला, पिच गेजने १ मिमीची खात्री केली, कागदावर बाहेरचा व्यास काढला आणि म्हणाले, "फ्रान्सचा माल दिसतोय." ईएन८ पोलादाच्या सळईतून तुकडा कातला. आटा शेवटच्या दोन फेऱ्यांत अगदी पाव-पाव दशांश उतरवत, प्रत्येक वेळी क्रँक लावून बघत. तिसऱ्या वेळी तो हाताने शेवटपर्यंत गेला आणि त्यात जराही खेळ राहिला नाही. आठशे रुपये घेतले. हे काम त्या पैशांत झालं यावर माझा विश्वास बसत नाही. असे कारागीर या शहराच्या कडेकडेने अजून आहेत, हे पुणेकर सायकलवाल्यांचं भाग्य आहे.

घरी आल्यावर दोन्ही क्रँक एकेका दमात सुटले. चेनच्या बाजूचा कप सुलट्या आट्याचा निघाला. म्हणजे फ्रेंचच.

संध्याकाळी सीट पोस्टही हलला. जुन्या सीटला धरून डावी-उजवीकडे पिळत, थोडा थोडा वर. २६.४ चा नवा पोस्ट मागवला. २६.६ मिळत होता आणि दुकानदार "बसेल, बसेल" म्हणत होता. बसला असता, पण सीटची लग कायमची फाकली असती.

१० नोव्हेंबर

दिवाळीचे दिवस सोडून दिले. आज सगळी फ्रेम उघडी आहे.

रंग पुन्हा द्यायचा नाही. ओरखडे आहेत, वरच्या नळीवर केबलच्या क्लॅम्पचे तीन ठसे आहेत, पण लेबलं मूळची आहेत. क्रोमवरचा गंज ॲल्युमिनियमच्या फॉइलने, पाण्यात बुडवून घासला. फॉइल क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडे येत नाहीत, गंज मात्र निघतो.

खरी काळजी आतली. पुण्याचा पावसाळा बघता नळीच्या आतून गंजलेली फ्रेम बाहेरून कितीही देखणी असली तरी व्यर्थ. बॉटम ब्रॅकेटच्या भोकातून टॉर्च मारून पाहिलं. तपकिरी थर आहे, पापुद्रे नाहीत. उकळलेलं जवसाचं तेल प्रत्येक नळीत ओतलं, फ्रेम सगळ्या अंगांनी फिरवली, जादा तेल निथळून घेतलं. हे तेल हवेने वाळून पातळ कातडीसारखं आत बसतं. वाळायला वेळ लागतो, घाई करायची नाही.

स्टेम काढताना त्याच्या खालच्या चिरेच्या टोकाला केसाएवढी भेग दिसली. त्या काळच्या काही स्टेमची ही ठरलेली जागा. पाचर आवळली की नळी चिरेच्या टोकाशी ताणली जाते. डब्यात ठेवते आहे, पण ठळक चिठ्ठी लावून: चालवायला वापरू नये.

१७ नोव्हेंबर

मागचा त्रिकोण फाकवणं. १२० चे १३०. या प्रकल्पातलं सर्वांत मोठं काम आणि सर्वांत जास्त विचार करायला लावणारं.

दुसरे मार्ग होते. १२० मिमीच्याच जुन्या हबवर पाच गिअरचं फ्रीव्हील ठेवायचं आणि फक्त पुढच्या चकत्या लहान करायच्या. पण तसा चांगला हब शोधायचा, त्याचा आस मोडला तर पुन्हा शोधायचा, आणि आस मोडतोच, कारण फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवं बेअरिंग बरंच आत असतं आणि आसाचं टोक निराधार राहतं. कॅसेटच्या, म्हणजे नव्या पद्धतीच्या चकत्यांच्या संचाच्या, हबमध्ये बेअरिंग पार बाहेरच्या टोकाला येतं. सध्याच्या रस्त्यांवर मला तो भक्कमपणा हवा. दुसरा मार्ग म्हणजे चाक घालताना दर वेळी हाताने फ्रेम ताणायची. १२६ चे १३० असं चालतं, लोक करतात. इथे दहा मिमी आहेत, आणि ड्रॉपआउट एकमेकांना समांतर राहणार नाहीत.

नियमाला धरून आहे का? धातू जात नाही, येत नाही. उद्या कोणाला १२० हवं असेल तर ते याच पद्धतीने परत आणता येईल. नियमात बसतं, पण अगदी काठावर. ५३१ हे सहन करतं, कारण ते पितळाने जोडायच्या लगसाठी बनवलेलं, तापवून कडक न केलेलं पोलाद आहे. रेनल्ड्स ७५३ सारख्या उष्णतेने कडक केलेल्या नळ्यांना हे करू नये. ॲल्युमिनियम आणि कार्बनला तर कधीच नाही.

आधी दोरी. उजव्या ड्रॉपआउटपासून दोरा पुढे नेऊन हेड ट्यूबला वळसा घालायचा आणि डाव्या ड्रॉपआउटला बांधायचा, ताठ. मग सीट ट्यूबपासून दोऱ्यापर्यंतचं अंतर दोन्हीकडे मोजायचं. उजवीकडे २७.५, डावीकडे २६.५. म्हणजे मागचा त्रिकोण मुळातच किंचित उजवीकडे होता. कारखान्यातून असा आला की बोटीतून, कळायला मार्ग नाही. दोन्ही बाजू पाच-पाच मिमी फाकवून चालणार नाही. डावी साधारण सहा, उजवी साधारण चार.

फ्रेम जमिनीवर गोधडीवर आडवी. सागवानी फळी मागच्या त्रिकोणातून घालून सीट ट्यूबच्या आड टेकवली, मध्ये जाड कापड. फळीच्या टोकाने ड्रॉपआउटजवळची जागा बाहेर दाबायची. चाकापुढचा छोटा आडवा पूल लाकडाच्या ठोकळ्याने आधी अडवला, नाहीतर नळ्या तिथेच खचतात.

पोलाद ओढून सोडलं की परत येतं. एका हद्दीच्या पलीकडे ओढलं तरच त्यातलं थोडं तिथेच राहतं. ती हद्द कुठे आहे हे आकड्यात कळत नाही, हाताला कळतं. सुरुवातीला कितीही दाबा, मोजलं की तेच माप. मग एकदम अर्धा मिमी. तेव्हापासून प्रत्येक दाब आधीच्या दाबापेक्षा किंचितच जास्त आणि प्रत्येकानंतर मोजणी. डावी बाजू पूर्ण करून मग उजवी. एकाच वेळी दोन्ही बाजू आटेरी सळईने फाकवण्याची पद्धत सोपी दिसते, पण जी नळी जास्त मऊ ती जास्त वाकते आणि मध्य सरकतो. मला मध्यच तर दुरुस्त करायचा होता.

संध्याकाळी दोरा पुन्हा बांधला. दोन्हीकडे ३०.५. ड्रॉपआउटमधलं अंतर १३०. लगच्या कडांवर, पुलाच्या सांध्यावर भिंगाने पाहिलं: रंगालाही तडा नाही. फार समाधान वाटलं.

२४ नोव्हेंबर

फाकवल्यावर ड्रॉपआउटची तोंडं बाहेरून आत तिरकी होतात. तसं सोडलं तर आसावर वाकवणारा जोर येतो. काकांकडून दोन जाड दंडगोल कातून घेतले, प्रत्येकाला लांब दांडा. ड्रॉपआउटमध्ये बसवले की दोघांची तोंडं समोरासमोर येतात आणि तिरकेपणा डोळ्याला दिसतो. दांडा धरून हळूहळू समांतर केली. पाऊण तासाचं काम.

८ डिसेंबर

बॉटम ब्रॅकेट आलं. फिल वुडचं बंद कार्ट्रिज आणि सोबत फ्रेंच आट्यांच्या रिंगा. कॅलिफोर्नियातली ही कंपनी १९७१ पासून आहे आणि कार्ट्रिज एकच ठेवून रिंगा वेगवेगळ्या आट्यांच्या विकते. महाग पडलं. जकात धरून तर फारच. पण फ्रेंच आटे कापून इटालियन ३६ मिमीचे करणं हा स्वस्त मार्ग कायमचा असतो.

दोन्ही बाजूंना सुलटे आटे असल्याने चेनकडची रिंग चालवता चालवता सुटायला बघते. कारण असं. क्रँकचा आस उजवीकडून पाहिला तर घड्याळाच्या दिशेने फिरतो. त्याच्याभोवतीचे छर्रे कपावर लोळत जाताना कपाला उलट दिशेने, अगदी कणाकणाने, ढकलतात. सुलटा आटा उलट दिशेने फिरला की सुटतो. इंग्लिश सायकलला चेनच्या बाजूला उलटा आटा देतात तो यासाठीच. फ्रेंचांनी दिला नाही, त्यामुळे आवळणं नीट हवं. आटे पेट्रोलने स्वच्छ केले, आटे सुटू न देणारं निळं लॉकटाइट लावलं, रिंगा पूर्ण जोराने आवळल्या. रिंग आणि फ्रेम यांच्यावरून जाणारी एक पांढरी रेघ रंगाने ओढली. रिंग हलली तर रेघ तुटेल.

या रिंगांचा फायदा म्हणजे कार्ट्रिज एक-दोन मिमी डावी-उजवीकडे सरकवता येतं. चेनलाइन, म्हणजे फ्रेमच्या मध्यापासून पुढच्या चकत्यांपर्यंतचं अंतर, बरोबर ४३.५ मिमीवर आणली. क्रँक नवा, चौकोनी टेपरचा, ५० आणि ३४ च्या चकत्यांचा.

१५ डिसेंबर

ज्याची काळजी होती ते आज पुढ्यात आलं.

मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, जिथे लटकतो तो कान या फ्रेमला आहे, पण सिम्प्लेक्स या जुन्या फ्रेंच कंपनीच्या पद्धतीचा. भोक साधं, आट्यांविना. नव्या डिरेलरला एम१० × १ चे आटे हवेत, शिवाय मागे टेकायला एक छोटी पायरी.

धातू न कापता करायचं तर आसाच्या खाचेत बोल्टने बसणारा वेगळा पत्र्याचा कान मिळतो. आणून लावून पाहिला. मूळ कानावर तो पूर्ण टेकत नाही, चाक काढलं की सैल होतो, आणि मोठ्या चकतीवर चढताना डिरेलर आत झुकतो. घाटात नेमका हाच गिअर लागतो. तिथे डिरेलर तारांमध्ये गेला तर चाक, फ्रेम आणि मी, तिघांचंही काही खरं नाही.

भोकाचं माप जवळजवळ टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारण्याजोगंच आहे. म्हणजे टॅप मारला तर आट्यांच्या खोलीइतकाच धातू जाणार. पण जाणार. मामाला फोन केला. तो आयुष्यभर पिंपरीत उत्पादन विभागात होता.

"किती धातू जाणार गं?"

"अर्धा मिलिमीटर. आट्यांच्या खोलीइतका."

"सिम्प्लेक्सचा जुना बोल्ट परत बसेल?"

"बसेल. तो आरपार जातो, त्याला भोकाचे आटे लागत नाहीत."

"मग विचारतेस काय? फक्त टॅप नवा कोरा घे. बोथट टॅप आटे फाडतो. आणि सरळ धर, दर पाव वेढ्याला मागे फिरव."

बसेल, हे मी आधीच तपासलं होतं. पण त्याने तोच प्रश्न विचारला याचं बरं वाटलं. टॅप नवा आणला, मागून लाकडी ठोकळ्याचा काटकोन धरला, कटिंग ऑइल सोडत पाव वेढा पुढे, अर्धा मागे. मागे टेकायच्या पायरीसाठी कानशीने खाच पाडतात. ती नाही पाडली. दोन मिमी पोलादी पत्र्याचा जिभेचा वॉशर कापून कान आणि डिरेलर यांच्यामध्ये बसवला, तीच जीभ टेकण्याचं काम करते. या फ्रेममधून गेलेला धातू तेवढाच, आणि तो कुठून व का गेला ते इथे लिहून ठेवलं आहे.

२२ डिसेंबर

हेडसेट, म्हणजे चिमटा ज्यावर फिरतो ते बेअरिंग, जुनाच ठेवला. कपांवर खड्डे नाहीत. धुऊन, नवे छर्रे, नवं ग्रीस. चांगल्या स्थितीतला फ्रेंच हेडसेट उगाच बदलू नये, बदली मिळणं कठीण.

नवा निट्टोचा स्टेम २२.२ चा. तो २२.० करायचा. धातू इथे स्टेमचा जातो, फ्रेमचा नाही. पॉलिशपेपरची पट्टी बुटाला पॉलिश करताना फडकं ओढतात तशी मागेपुढे ओढत, दर काही मिनिटांनी चार दिशांनी मोजत. शेवटी तो वजनाने आपोआप आत सरकला. हँडल नवं.

२९ डिसेंबर

ब्रेक. मूळ ब्रेक माफाकचे, मधून ओढणारे. त्यांच्या जागी नवे टेक्ट्रो आर५५९ घेतले, ५५ ते ७३ मिमी पोच असलेले. ब्रेकच्या बोल्टपासून रिमपर्यंत माझं माप पुढे ५८, मागे ६१. नव्या ब्रेकचा नट आत दडणारा असतो आणि त्यासाठी चिमट्याच्या मागचं भोक ८ मिमीचं करावं लागतं. हाच ब्रेक बाहेरच्या नटाचाही मिळतो. तो शोधायला वेळ लागला, पण ड्रिल मशीन पेटीतच राहिलं.

ब्रेकच्या पकडीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. खडकवासल्याच्या रस्त्याला अचानक आडवा येणारा टेम्पो डोळ्यासमोर आणला की या बदलाबद्दल मनात जराही शंका उरत नाही.

५ जानेवारी २०२५

चाकं बांधून आली. ३२ तारांची, १३० मिमीचा मागचा हब, २८ मिमीचे टायर. बांधणाऱ्या दादांनी आउट (रिमचं डगमगणं) इतकं बारीक काढलं आहे की ब्रेकच्या रबराशी कागद धरला तर तो पूर्ण फेऱ्यात एकाही जागी घासत नाही. चाक फ्रेममध्ये घातलं आणि ते बरोबर मध्यावर उभं राहिलं. नोव्हेंबरच्या त्या दोऱ्याचं काम.

गिअर शिमानो क्लॅरिस, मागे आठ. नऊ, दहा, अकरा सगळे याच हबवर बसले असते. आठची चेन जाड, टिकाऊ, स्वस्त, आणि कुठल्याही पेठेत मिळते. कॅसेट ११ ते ३२, त्यामुळे लांब पिंजऱ्याचा डिरेलर. एकूण ३७ दात्यांची ढील त्याला ओढून घ्यावी लागते.

गिअर ब्रेकच्या मुठींतून बदलायचे ठरवलं. डाउन ट्यूबवरचे जुने दांडे फार गोड चालतात आणि ते काढताना जीवावर आलं. पण सिंहगड रोडच्या रहदारीत हात हँडलवरून खाली नेणं मला धोक्याचं वाटतं. दांड्यांच्या जागी केबल अडवणारा क्लॅम्प आला. तो २८.६ साठी, नळी २८.० ची. मध्ये ०.३ मिमी भरावं लागतं. शीतपेयाच्या कॅनचा पत्रा साधारण ०.१ मिमीचा असतो. त्याचे तीन पदर. पुढच्या डिरेलरच्या क्लॅम्पलाही हेच. पत्र्याखाली पारदर्शक टेप लावली, रंग वाचतो.

१४ जानेवारी, संक्रांत

पहिली फेरी, कॉलनीतून कॅनॉलच्या रस्त्याने. दोन्ही हात सोडले तरी सायकल सरळ जाते. मामा फाटकाशी तिळगूळ घेऊन उभा होता. त्याने चढून एक चक्कर मारली, सीट त्याला उंच होती तरी. परत आला आणि पहिला प्रश्न जुन्या ब्रेकच्या मुठींवरच्या रबराचा. ते रबर, जुने गिअरचे दांडे, स्ट्राँगलाइटचा क्रँक, २३.३५ चं हत्यार, सिम्प्लेक्सचा बोल्ट, सगळं एका पत्र्याच्या पेटीत, प्रत्येकाला चिठ्ठी. पेटी त्याला दाखवली. त्याने चिठ्ठ्या वाचल्या आणि दोन दुरुस्त केल्या.

२ फेब्रुवारी

पहाटे सिंहगड. ३४ आणि ३२ वर पॅडलच्या एका फेऱ्यात सुमारे सव्वादोन मीटर. आधी ते जवळजवळ चार होते. घाटातल्या उभ्या वळणांवर बसल्या जागेवरून चढता आलं. या फ्रेमबद्दल ऐकलेलं खरं आहे: खडीवर, तुटलेल्या डांबरावर ती पातळ नळ्यांतून धक्का जिरवते आणि तरी पॅडल मारलं की लगेच पुढे झेपावते. नवे भाग हलके आहेत, नेमके आहेत, पण चालवताना जो आनंद होतो तो फ्रेमचा आहे.

उतरताना ब्रेक उत्तम. मागचा रबर थोडा वाजतो, पुढच्या टोकाला किंचित आत वळवायला हवा.

घरी येऊन तपासणी. ड्रॉपआउटमधलं अंतर १३०, जसंच्या तसं. डिरेलरचा बोल्ट घट्ट, जिभेचा वॉशर सरकलेला नाही. स्टेमला पाचरीच्या जागी खूण नाही. बॉटम ब्रॅकेटच्या रिंगेवरची पांढरी रेघ अखंड आहे.

बाकी कामं: मागच्या ब्रेकचा रबर वळवणं, केबल ताणल्या गेल्या आहेत म्हणून गिअर पुन्हा लावणं, जूनच्या आधी नळ्यांत जवसाच्या तेलाचा दुसरा हात.